लाल कोबा

एप्रिल अर्धा सरला तेव्हा बंगळुरात हेब्बाळच्या तळ्याचं पाणी काठापासून इतकं आत गेलं होतं, की म्हशींना पोटभर पाण्यासाठी चिखल तुडवत जावं लागे. त्याच आठवड्यात राजाजीनगरात कृष्णमूर्तींच्या घरचा कोबा फुटला.

ठकुबाई नवऱ्याच्या मागोमाग त्या हॉलमध्ये शिरली आणि दारातच थबकली. बारा दिवसांपूर्वी तिनं स्वतः घोटून ठेवलेली जमीन. लाल, तुळतुळीत. आता तिच्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा पसरल्या होत्या. कल्लाप्पानं चपला काढल्या, आत जाऊन गुडघ्यांवर बसला आणि तळहात फिरवू लागला, आजारी जनावराच्या पोटावरून फिरवावा तसा. त्याचा धाकटा भाऊ नागराज भिंतीला टेकून उभा राहिला.

कल्लाप्पाचा बाप निपाणीकडून बंगळुरात आला तो हातात थापी घेऊनच. सिमेंटात तांबडा ऑक्साईड कालवून लाल कोबा घालायचा, ही त्याची विद्या. ती कल्लाप्पानं उचलली. माल पसरायचा, लोखंडी थापीनं ओढायचा, पुन्हा ओढायचा, सुकत येतो आणि सुकत नाही त्या नेमक्या घटकेला शेवटचा हात मारायचा. मग ठकुबाईचं काम. नदीतला वाटोळा गोटा घेऊन तीन-तीन दिवस ओणव्यानं जमीन घोटायची, चारी बाजूंनी मातीचे बांध घालून शेताच्या वाफ्यासारखं पाणी साठवायचं, ते आठ दिवस आटू द्यायचं नाही. लग्न होऊन सव्वीस वर्षं झाली, तेवढीच वर्षं ती घोटत आली होती. तिच्या गुडघ्यांना टाचेसारखी कातडी आली होती.

"पाणी किती दिवस होतं?" कृष्णमूर्तींनी विचारलं. हा माणूस यंत्राच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, उंच, चष्मा कपाळावर चढवून बोलणारा. चार पिढ्या बंगळुरात काढलेलं घर, पण घरात मराठीच, अर्धी कानडी मिसळलेली.

"आठ दिवस ठेवतो आम्ही," कल्लाप्पा म्हणाला.

"किती ठेवता ते विचारलं नाही. इथं किती दिवस होतं?"

ठकुबाईनं मान खाली घातली. वाफा भरल्याच्या तिसऱ्या दिवशी नागराजनं तिला इथून उचलून यशवंतपूरच्या कामावर नेलं होतं. तिथल्या मालकाला त्यानं तीच तारीख कबूल केली होती. इथं पाण्याचा टँकर आला नाही, आणि वाफा उन्हानं आटून गेला.

"तुमच्यात मालक कोण?" कृष्णमूर्ती म्हणाले.

नागराजनं कल्लाप्पाकडं बघितलं. कल्लाप्पानं नागराजकडं.

"हं. हीच चीर आहे," कृष्णमूर्ती म्हणाले. "खालची नंतरची." त्यांचा आवाज चढला नव्हता, म्हणून ते जास्तच लागलं. "हात चांगला आहे कल्लाप्पा तुमचा. धंदा बिघडलाय. कोबा पुन्हा घाला. आणि दर गुरुवारी संध्याकाळी दोघंही माझ्याकडं या. मी कारखान्यात तीस वर्षं लोकांना हेच शिकवलं. फी नको. पण गुरुवार चुकवायचा नाही."

पहिल्या गुरुवारी ठकुबाईही गेली, कारण कल्लाप्पानं एकट्यानं जायचं नाव काढलं नाही. कृष्णमूर्तींच्या व्हरांड्यात एक वेल्डिंगवाला आणि एक पिठाच्या गिरणीचा मालकही बसले होते. ती पायरीवर टेकली. कृष्णमूर्तींनी मोठा कागद पसरला, त्यावर चौकोन काढले आणि विचारलं, "कल्लाप्पा, सकाळपासून संध्याकाळपर्यंत तुम्ही काय काय करता? सांगा."

कल्लाप्पा म्हणाला, "काम करतो."

"कुठलं?"

"कोबा घालतो की."

"गिऱ्हाइकाशी कोण बोलतं? माल कोण आणतं? पाण्याचं कोण बघतं? तारीख कोण देतं?"

"ते... ज्याला जमंल त्यो."

वेल्डिंगवाला हसला. कल्लाप्पाच्या मानेची शीर ताठ झालेली ठकुबाईला पायरीवरनं दिसली. मग नागराज बोलू लागला आणि कृष्णमूर्ती लिहू लागले. एका चौकोनात नागराज, गिऱ्हाईक आणि तारखा. एकात कल्लाप्पा, कोबा. मध्येच त्यांचं पेन थांबलं.

"आणि ही चकाकी? ती कोण आणतं?"

"ती वैनी घोटती," नागराज म्हणाला. "घरचीच हाय ती."

"घरची म्हणजे काम नव्हे?" कृष्णमूर्तींनी आणखी एक चौकोन काढला. "नाव काय ताई?"

तिनं पदर सारखा केला आणि नाव सांगितलं. त्यांनी ते लिहिलं. तिला वाचता येत नव्हतं, पण आपलं नाव कुठल्या चौकोनात आहे ते तिनं ध्यानात ठेवलं. घरी येताना बसमध्ये कल्लाप्पा म्हणाला, "शाळेत घातल्यागत वाटलं." तिला तसं वाटलं नव्हतं.

कृष्णमूर्तींची रीत साधी होती, आणि ती लागू पडली हे खोटं म्हणता येणार नाही. तारीख एकट्या नागराजनं द्यायची. आधी पाण्याची सोय, मग माल. एक जमीन पुरी झाल्याशिवाय दुसरीला हात नाही. सोमवारी सकाळी सगळ्यांनी चहा घेत बसायचं आणि आठवड्याचं बोलायचं. नागराजची बायको सुलभा दहावी झालेली. तिनं वहीत लिहायचं. राजाजीनगरचा कोबा कल्लाप्पानं पुन्हा घातला, या खेपेला वाफा आठ दिवस भरलेला राहिला, आणि पाणी काढल्यावर त्या जमिनीत खिडकीचे गज दिसले. त्या वर्षी एकही जमीन फुटली नाही. उन्हातान्हात या टोकाहून त्या टोकाला पळणं थांबलं. पावसाळ्यात गळणाऱ्या छपरावर नवी कौलं चढली. सुलभा म्हणाली, "आक्का, देवमाणूस भेटला की हो." ठकुबाईनं मान डोलावली. खरंच होतं ते.

दुसऱ्या वर्षी कृष्णमूर्तींनी पुढचा प्रश्न विचारला.

"गेल्या सहा महिन्यांत किती लोक टाइल्स मागत आले?"

सुलभानं वही बघून सांगितलं. कोब्यासाठी आलेल्यांच्या चौपट होते.

"मग?"

"टाइल्स आमचं काम न्हवं," कल्लाप्पा म्हणाला. "ते चिकटवायचं काम. त्यात काय हाय?"

"त्यात लोक आहेत, कल्लाप्पा. लोकांना आठ दिवस घर सोडून राहायला सवड नाही. तुमचा हात तुमच्याबरोबर जाणार. धंदा मागं राहायला पाहिजे, की नको?" त्यांनी खाली बघितलं. "हे बोलताना मलाही बरं वाटत नाही. माझ्या पायाखाली तुमचाच कोबा आहे."

कल्लाप्पा भावाकडं बघत राहिला. नागराज छत्तीस वर्षांचा होता, त्याला दोन मुली होत्या, आणि त्याच्या डोळ्यांत कल्लाप्पानं कधी न बघितलेली भूक होती. कल्लाप्पा म्हणाला, "सरी. तुमी म्हणता तसं."

तिथून गाडी पळाली. शहराच्या दुसऱ्या टोकाला एचएसआर लेआउटच्या माळावर नुसते चुन्यानं आखलेले चौकोन होते, त्यात घरं उठू लागली होती. तिथला ठेकेदार मोहनकुमार, त्यानं एकदम बारा घरांचं टाइल्सचं काम दिलं. नागराजनं आठ कारागीर लावले. हेब्बाळच्या रस्त्यावर गाळा घेतला, टेलिफोन आला. कृष्णमूर्तींनी नवा कागद काढला. सोमवारच्या चहाला ठकुबाई कप घेऊन आत आली तेव्हा तो भिंतीवर लावलेला होता. तिनं आपला चौकोन शोधला. जिथं असायचा तिथं दुसरंच काही होतं.

"वैनी, आता आराम करा तुमी," नागराज म्हणाला. मनापासून म्हणाला. "टाइल्सला घोटाय लागत न्हाई. लई झिजलासा."

"व्हय," ती म्हणाली आणि कप खाली ठेवला. तिचे गुडघे खरोखरच दुखत होते. घरात बसल्यावर ते जास्त दुखू लागले.

कल्लाप्पाचं काय करायचं हा प्रश्न कुणी मोठ्यानं विचारला नाही. कृष्णमूर्ती म्हणत, मालकानं गुडघ्यावर बसू नये. मालक गुडघ्यावर बसला की धंदा बसतो. म्हणून कल्लाप्पा देखरेखीला एचएसआरला जाऊ लागला. धुतलेला सदरा घालून जायचा. पहिल्याच दिवशी मोहनकुमारनं त्याला फाटकाशी बघून सांगितलं, "अज्जा, त्या वाळूवर लक्ष ठेव, पोरं पळवतात." संध्याकाळपर्यंत तो वाळूपाशी उभा राहिला. घरी येऊन हे त्यानं हसत सांगितलं. ठकुबाई भाकरी थापत होती. तिचा हात परातीतच थांबला.

पंधरा दिवसांनी आणखी एक घडलं. एक कारागीर टाइलीखाली माल नीट भरत नव्हता, ठोकलं की पोकळ वाजत होतं. कल्लाप्पानं दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा त्यानं त्याच्या हातातली थापी ओढून घेतली आणि स्वतः बसला. तो कारागीर उठला, हात धुतले, आणि निघून गेला. त्याच्यामागं आणखी दोघं गेले. दिवसभर काम बंद. नागराजला त्या कारागिराच्या घरी जाऊन विनवणी करावी लागली.

सोमवारी कृष्णमूर्ती स्वतः हेब्बाळला आले. त्यांनी कल्लाप्पाला एकट्याला बाजूला घेतलं, पण गाळा तो केवढा. ठकुबाईला सगळं ऐकू आलं.

"पोकळ वाजत होतं, सर," कल्लाप्पा म्हणाला.

"वाजत असेल. मी नाही म्हणत नाही. पण ते नागराजला सांगायचं, त्यानं त्याला सांगायचं. तुम्ही थापी घेतलीत ना, त्यात त्या माणसाची लाज गेली."

"आणि माझी?"

कृष्णमूर्तींनी चष्मा खाली ओढला, पुन्हा वर केला. शेवटी ते म्हणाले, "काही दिवस साइटवर नका जाऊ. फोन सांभाळा. तुमच्यासारखा अनुभवी माणूस फोनवर असला की गिऱ्हाइकाला भरवसा वाटतो."

तेव्हापासून कल्लाप्पा गाळ्यात खुर्चीवर बसू लागला. काय बोलायचं ते सुलभानं पाठ करून घेतलं. घंटी वाजली की तो आधी खाकरायचा, सदरा खाली ओढायचा, मग उचलायचा. सुलभा शेजारी वही घेऊन लिहायची, कारण त्याला लिहिता येत नव्हतं. त्याचे हात मांडीवर पडलेले असत. सिमेंटानं खाल्लेली बोटं दोन-तीन महिन्यांत भरून आली, चिरा मिटल्या, कातडी मऊ पडली. दुपारी भाकरी घेऊन आली की ठकुबाईची नजर आधी त्या हातांवर जाई. कुणा दुसऱ्याचेच वाटत.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये एक म्हातारी गाळ्यात आली. राजाजीनगरच्या लक्ष्मीदेवी. बावीस वर्षांमागं कल्लाप्पानं त्यांच्या सगळ्या घराला कोबा घातला होता. धापा टाकत त्या स्टुलावर बसल्या आणि कानडीत म्हणाल्या, "कल्लाप्पा, मुलानं मागच्या बाजूला देवघर वाढवलंय. एवढीशी खोली. आठ बाय सहा. बाकी घरासारखी लाल जमीन कर."

कल्लाप्पा खाकरला. सदरा खाली ओढला. "अम्मा, आम्ही आता फक्त टाइल्सचं काम घेतो," तो म्हणाला, फोनवर म्हणायचा त्याच आवाजात. "आमच्याकडं निरनिराळे रंग आहेत. आपला पत्ता दिलात तर आमचा माणूस येऊन..."

लक्ष्मीदेवी त्याच्याकडं टकमक बघत राहिल्या. ओळखलं नाही की काय, अशा. सुलभा वहीवर पेन धरून बसली होती. ठकुबाईच्या हातात भाकरीचं फडकं होतं. ते तिनं टेबलावर ठेवलं.

"येतो आम्ही, अम्मा," ती म्हणाली. "रविवारी."

"आक्का!" सुलभा दचकून म्हणाली.

"रविवारी गाळा बंद असतो. तू लिहू नगंस."

कल्लाप्पा बायकोकडं बघत होता.

रविवारी सकाळीच दोघं लक्ष्मीदेवींकडं पोचली. त्यांचा मुलगा वेणुगोपाल बायकोपोरांसह पंधरा-वीस दिवसांसाठी सासुरवाडीला गेला होता. घरात म्हातारी एकटी. कल्लाप्पानं सदरा काढून खुंटीला लावला, धोतर खोचलं आणि माल कालवायला बसला. ऑक्साईड चिमटीत घेऊन त्यानं उजेडात बघितला, बोटांवर चोळला. ठकुबाईनं पाणी ओतलं. कितीतरी दिवसांनी तो मोठ्यानं बोलला. "थोडं. थोडं. बास म्हणलं की!" तिला बरं वाटलं.

माल पसरून होईस्तोवर ऊन चढलं. खालचा थर ठीक बसला. वरचा लाल थर त्यानं कोपऱ्यातून ओढायला घेतला. दोन हात ओढले आणि तो थांबला. थापी बदलून डाव्या हातात घेतली. पुन्हा उजव्या. तळहाताला मऊ कातडीवर फोड आली होती, ती फुटली होती. त्यानं पंच्याचं टोक गुंडाळलं आणि पुढं सरकायला गुडघा उचलला. गुडघा उचलेना.

"काय झालं?"

"काय न्हाई. मुंग्या आल्यात."

त्यानं हात टेकून उठायचं बघितलं. ओल्या कोब्यात पाचही बोटं उमटली. वर्षभर खुर्चीवर वाकलेले गुडघे तसेच धरून बसले होते. चेहरा राखेसारखा झाला होता. ठकुबाईनं त्याला काखेत धरलं, लक्ष्मीदेवी धावत आल्या, आणि दोघी बायकांनी त्याला ओढत उंबऱ्याबाहेर आणून बसवलं. त्याचे पाय पुढं काढताना तो एकदाच कण्हला.

आत माल सुकत चालला होता. कडेला रंग फिका पडू लागला होता.

"अगं, ते बघ... ते जातंय," तो म्हणाला. "घे. थापी घे."

इतक्या वर्षांत तिनं ओल्या मालावर थापी चालवली नव्हती. ते बाप्यांचं काम. ती आत गेली, फळी टाकून तिच्यावर बसली, आणि तो दारातून सांगू लागला.

"आडवी धर. एवढी न्हाई. दाबू नगंस... आता दाब. अगं दाब! न्हाई न्हाई, उचल!"

"किती दाबू?"

"किती म्हंजे..." त्यानं हवेत हात फिरवला. "हातालाच कळतं ते. कसं सांगू?"

ती ओढत गेली. घाम डोळ्यांत गेला. एके ठिकाणी थापी रुतली, एके ठिकाणी वर उचलली गेली आणि लाट राहिली. त्याची बोटं उमटली होती तो खळगा तिनं तीनदा भरला. तीनदा तिथला रंग काळपट निघाला. दारात कल्लाप्पाचा हात हवेत तिच्याबरोबर हलत होता, डावीकडं, उजवीकडं. मग त्यानं तो खाली घेतला. सांगायचाही थांबला. तिला ते कळलं, पण तिनं मागं बघितलं नाही. शेवटपर्यंत ओढलं.

पुढचे तीन दिवस ती एकटी बसनं जाऊन घोटून आली. घोटणं तिच्या हातचं होतं, त्यात तिनं कसर ठेवली नाही. पण खाली लाट असली तर वरची चकाकी लाटच दाखवते. वाफाही तिनंच भरला आणि आठ दिवस राखला. नवव्या दिवशी पाणी काढलं, कोबा पुसला. उजेड पडला तसा जमिनीवर उंचसखल दिसू लागला, आणि मधोमध तो काळपट डाग.

लक्ष्मीदेवी दारात येऊन उभ्या राहिल्या. "देवाला चालतं सगळं," त्या म्हणाल्या. मग आतून चटई आणून त्यांनी डागावर अंथरली, चार कोपरे हातानं सारखे केले. ठकुबाईला त्यांनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. दही वाढलं, केळं दिलं. ती खाली बघून जेवली.

घरी कल्लाप्पानं विचारलं, "कसा झाला?"

"बरा झालाय," ती म्हणाली.



महिना गेला. उगादीचा पाडवा झाला. नागराजनं आणखी एक ठेका धरला. कृष्णमूर्ती पेढे घेऊन आले, गाळ्यात सगळ्यांना वाटले. कल्लाप्पाला त्यांनी दोन दिले. ते गेले आणि थोड्या वेळानं फोन वाजला. ठकुबाई नुकतीच भाकरी घेऊन आली होती. कल्लाप्पा खाकरला आणि त्यानं फोन उचलला.

पलीकडचा माणूस मोठ्यानं बोलत होता, गाळाभर ऐकू येत होता. राजाजीनगरहून बोलतोय, म्हणाला. वेणुगोपाल. घरी छोटं देवघर आहे, त्याला टाइल्स बसवायच्या आहेत. आईनं मी नसताना कुणाकडून तरी कोबा घालून घेतला. नाव विचारलं तर सांगत नाही.

"कुणाचा हात होता देव जाणे," फोन म्हणाला. "जमीन आहे की नांगरलेलं रान. त्याच्यावरच टाइल्स बसतील, की तो काढावा लागेल?"

सुलभानं मान वर केली. तिनं ठकुबाईकडं बघितलं आणि तिचं पेन हातातच राहिलं. ठकुबाई पुढं झाली. फोन त्याच्या हातातून घ्यावा, खाली ठेवावा, तोडून टाकावा असं तिला झालं. पण कल्लाप्पानं दुसरा हात जरासा वर केला. थांब, असा. तो सरळ बसला होता. डोळे समोरच्या भिंतीवर, जिथं चौकोनांचा कागद लावला होता.

"काढावा लागेल, सर," तो म्हणाला. आवाज स्वच्छ होता, एक अक्षर अडखळलं नाही. "वर बसवल्या तर पोकळ वाजतील. आमची माणसं फोडून काढतील. अर्ध्या दिवसाचं काम. तुम्हाला तसदी पडणार नाही."

"सरी, सरी. पत्ता लिहून घ्या."

"आहे आमच्याकडं," कल्लाप्पा म्हणाला, आणि त्यानं फोन जागेवर ठेवला.

मग तो सुलभाकडं वळला. तिनं वही पुढं ओढली. एकेक शब्द सावकाश सांगत त्यानं तिला सगळं लिहायला लावलं: रस्ता, घराचा नंबर, मागची बाजू, देवघर, आठ बाय सहा.